बरडावरची गोट्यांची रिंगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून काटोल, कळमेश्वर किंवा हिंगण्याकडे निघालं की काळी वावरं संपतात तिथं लाल मुरमाचे उघडेबोडके उंचवटे सुरू होतात. आमच्याकडे त्यांना बरड म्हणतात. या बरडांवर काळ्या गोट्यांची मोठमोठी रिंगणं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी ती मांडली. मी याच भागातला, शेती करणारा. पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवता दाखवता तेच ते प्रश्न इतक्यांदा कानावर आले, की शेवटी उत्तरं लिहूनच काढली.

फोटोत तर हे वाळवंटच वाटतं. विदर्भात वाळवंट आहे का?

नाही. नागपूरला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाळवंटाला एवढं पाणी कोण देणार?

पण मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे गेलेला असताना, दुपारी बरडावर उभं राहून पाहा. गवत जळून गेलेलं, मुरूम भाजलेला, सावली नावाला नाही. मुरमात पाणी ठरत नाही, ही खरी गोम आहे. पाऊस थांबला की तासाभरात सगळं नाल्याला लागतं. वर मातीचा थर कुठं वीतभर, कुठं तोही नाही. त्यामुळे उगवतं ते खुरटं आणि काटेरी: हिवर, भराटी, येरोणी, बोर, हिंगणबेट, मध्येच एखादा पळस. ऑगस्टात याल तर हाच बरड गुडघाभर हिरवा दिसेल आणि तुम्ही फोटोवाल्याला शिव्या द्याल.

अशा जमिनीला सरकारी दप्तरात एक मजेशीर नाव आहे, 'झुडपी जंगल'. इंग्रजांच्या मध्यप्रांताच्या काळापासूनची ही नोंद. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. ना धड जंगल, ना धड शेत, गुरं चारायला ठेवलेली. ती वनजमीनच धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. रिंगणांपैकी बरीच याच जातीच्या जमिनीवर आहेत, हे पुढे कामाला येईल.

या टेकड्या कशाच्या बनल्या आहेत?

लाव्हाच्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येते. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. एकाच तालुक्यात विहीर खणणाऱ्याला दोन्ही प्रकार भेटतात आणि तो दोघांनाही सारख्याच शिव्या देतो.

काळ्या दगडाला उभ्या-आडव्या भेगा पडतात. भेगेतून पाणी शिरतं, कोपरे आधी सडतात आणि दगड कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत जातो. पापुद्र्यांचा मुरूम होतो, मधला टणक गाभा गोल उरतो. तोच गोटा. म्हणजे रिंगणं मांडणाऱ्यांना छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागलं नाही. घडीव गोटे जमिनीनेच तयार ठेवले होते. त्यांनी निवडले, ढकलले, रचले. ढकलणं सोपं होतं असं मात्र समजू नका. मधल्या आकाराचा एक गोटा आम्ही चौघांनी सब्बल लावून हलवून पाहिला होता (रिंगणातला नाही, माझ्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा). तो जागचा हलला, आणि माझी कंबर आठ दिवस हलली नाही.

रिंगण म्हणजे नेमकं काय? दगडांचा गोल, एवढंच?

वरून दिसतं तेवढं तसंच. सहा-सात मीटर रुंदीपासून पंधरा-वीस मीटरपर्यंतचा गोल, कडेने एकाला एक लागून किंवा थोडं अंतर ठेवून बसवलेले गोटे, अर्धे जमिनीत रुतलेले. आतली जागा भोवतालापेक्षा किंचित फुगीर. हा फुगवटा फार महत्त्वाचा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना पाहिलं तरच तो नीट कळतो. भर दुपारी सगळं सपाट वाटतं आणि लोक 'हे तर नुसते दगड' म्हणत परत जातात.

खणल्यावर दिसतं ते असं: मुरमात उथळ खळगा, त्यात माणसांच्या अस्थी, मडकी, हत्यारं, दागिने, आणि वर माती-दगडांची भर. काही रिंगणांत ही भर काळ्या चिकण मातीची निघाली. आता बरडावर काळी माती कुठून यायची? खालच्या वावरातून, नदीकाठावरून, टोपल्यांनी वर आणलेली असणार. पुस्तकात हे एका ओळीत येऊन जातं. पण उन्हाळ्यात वावरात गाळाची एक ट्रॉली पसरवून पाहा, म्हणजे टोपल्यांनी रिंगण भरणं काय असेल ते समजेल.

अस्थी बहुतेक वेळा पूर्ण सांगाड्याच्या नसतात. कवटी, लांब हाडं, तुकडे. कधी एकाच रिंगणात एकाहून जास्त माणसांच्या. म्हणजे देह आधी दुसरीकडे कुठं तरी ठेवायचा आणि उरलेल्या अस्थी नंतर इथं आणायच्या, अशी रीत असावी. आपण तरी तिसऱ्या दिवशी राखेतून अस्थी वेचून नदीला नेतोच की.

कुणी मांडली? किती जुनी?

लोखंड वापरणाऱ्या लोकांनी. इसवीसनपूर्व १००० ते ३०० हा ढोबळ काळ. लिखाण काही सापडलेलं नाही, त्यामुळे त्यांना नाव नाही. अभ्यासक 'महापाषाणीय' म्हणतात, म्हणजे मोठ्या दगडांचे.

गावात तर गवळ्यांचे गोठे म्हणतात.

म्हणतात. माझे आजोबाही तेच सांगायचे: "गवळी राजाचे गोठे होत ते, गाई बांधे तिथी." इंग्रजांच्या जुन्या नोंदींतही ही रिंगणं गवळ्यांची असल्याची समजूत आहे, म्हणजे कथा किमान दीडशे वर्षांची तरी आहे.

गोठे नव्हेत, हे खणून सिद्ध झालं आहे. तरी मी ही कथा कुणाच्या तोंडावर खोडत नाही. एक तर गुराखी ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या बसतो तिला आपल्या ओळखीचं नाव देणारच. आणि दुसरं, या रिंगणांचा खरा माहितगार आजही गोवारीच आहे. कोणत्या नाल्याच्या वर किती रिंगणं आहेत, हे नकाशापेक्षा ढोरं चारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दिवाळीनंतर गाईगोधनाच्या दिवशी ढाल घेऊन नाचणाऱ्या मंडळींकडून मला तीन अशा जागा कळल्या, ज्या मी चाळीस वर्षं तिथं राहून पाहिल्या नव्हत्या.

शिवाय ती कथा अगदीच हवेतली नाही. ही माणसं शेती करायची, पण जनावरांवर, विशेषतः घोड्यांवर त्यांचा मोठा जीव होता. ते पुढे येईलच.

हिस्लॉप कॉलेजवाल्या हिस्लॉपचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि वाईट आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपूरला आले. धर्मप्रसार हा त्यांचा धंदा, पण जीव दगडांत. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांनी जीवाश्म शोधले, आणि टाकळघाटच्या रिंगणांकडेही त्यांचं लक्ष गेलं.

१८६३च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची रिंगणं पाहायला गेले. ४ सप्टेंबरला घोड्यावरून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून ते गेले. कॉलेज त्यांच्या नावाने १८८३मध्ये निघालं. त्या कॉलेजातून शिकून आलेली पोरं माझ्याकडे येतात, पण हा माणूस रिंगणं पाहून येतानाच वारला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

मी ही गोष्ट प्रत्येक गटाला सांगतो, ती इतिहासासाठी नव्हे. बरडावर पडलेलं पाणी नाल्यात कसं धावतं ते वर लिहिलंच आहे. येताना घोट्याएवढा असलेला नाला दोन तासांनी छातीएवढा होतो, तोही तुमच्या डोक्यावर एक थेंब न पडता.

खणलं कुणी आणि कधी?

हिस्लॉपनंतर जे. एच. रिव्हेट-कारनॅक. हे मध्यप्रांताचे कापूस आयुक्त, म्हणजे पोटापाण्याला आमच्या कपाशीवर आणि हौसेला आमच्या दगडांवर. नागपूरजवळच्या जुनापाणीला त्यांनी रिंगणं उकरली आणि १८७९मध्ये त्यावर लिहिलं. त्यांनी नेलेल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

शिस्तीत खोदकाम झालं ते स्वातंत्र्यानंतर. १९६१-६२मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला. मग पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी एकामागून एक: टाकळघाट-खापा १९६८-६९, माहूरझरी १९७०-७२, नायकुंड १९७८-८०, तिथं अ. प्र. जामखेडकर सोबत होते. रायपूर, बोरगाव, वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा, भागीमोहारी ही नावंही याच मालिकेतली. विदर्भाच्या या लोकांबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं देव सरांच्या या दहा-बारा वर्षांच्या उन्हातान्हातलं आहे. आपल्या गावांत त्यांच्या नावाचा साधा फलक नाही, ही माझी जुनी तक्रार.

आत काय काय सापडलं?

माहूरझरीचं सांगतो, कारण तिथलं सगळ्यात बोलकं आहे.

एका माणसाच्या छातीवर खंजीर ठेवलेला होता, पातं लोखंडाचं, मूठ तांब्याची. कुणीतरी तो हाताने तिथं ठेवला होता. इतर वस्तू मडक्यांशेजारी, कडेला. हा मात्र छातीवर. मी एकदा आठवीच्या मुलांना हे सांगत होतो, तर एक मुलगी म्हणाली, "त्याले भेव लागत असन." खाली काय दिसेल कोण जाणे, म्हणून हत्यार हाताशी दिलं. याहून चांगला अर्थ मी कुठं वाचलेला नाही.

घोडे. काही रिंगणांत घोड्याची हाडं, सोबत तोंडात घालायच्या लगामाच्या लोखंडी कड्या आणि तांब्याच्या पत्र्याचं कपाळावरचं लेणं. धन्यासोबत घोडा मारून पुरत असावेत. काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. आज पोळ्याला आपण बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधतो, तसंच ते लेणं दिसतं. संबंध जोडत नाही, दिसतं तसं सांगतो.

बाकी लोखंडाच्या कुऱ्हाडी, दांड्याला आडव्या पट्ट्यांनी आवळलेल्या. छिन्न्या, खुरपी, नखं काढायची बारीक हत्यारं. तांब्याच्या बांगड्या, घुंगरं, आणि पक्ष्याची आकृती बसवलेली तांब्याची झाकणं. सोन्याचा पातळ पत्रा, अगदी थोडा. आणि मडकी: बाहेरून लाल, तोंडाशी आणि आत काळी. आव्यात उलटी ठेवून भाजल्याने असा दुरंगीपणा येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, अर्धं चुलीवर करपलंय.

माहूरझरीचे मणी ते हेच का?

थोडं वेगळं. रिंगणांत मणी सापडले, हे खरं. पण माहूरझरीला त्यानंतर शेकडो वर्षांनी, वाकाटक राजांच्या काळापर्यंत, मणी बनवायचे कारखानेच होते. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक तयार होतात, कच्चा माल पायाखालीच.

जोराच्या पावसानंतर मणी आजही जमिनीवर उघडे पडतात. उचलू नका. कायद्याचं खाली लिहितो, पण कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या खिशात गेलेला मणी कुठल्या थरातला, कशाशेजारचा, हे कायमचं पुसलं जातं. शोकेसमध्ये ठेवलेल्या मण्याला बाजारात वीस रुपयेही मिळणार नाहीत.

ही माणसं राहायची कुठे? घरं का दिसत नाहीत?

खाली, काळीत. मातीकुडाची घरं होती, ती मातीत गेली, आणि वर आपण अडीच हजार वर्षं नांगर फिरवत आलो आहोत. टाकळघाटला वस्ती आणि जवळच खाप्याला रिंगणं, अशी जोडी स्पष्ट दिसते. भागीमोहारी आणि नायकुंडलाही वस्ती सापडली. यवतमाळ जिल्ह्यात बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाने २०२३-२४मध्ये खोदकाम केलं, तिथंही लोहयुगाचा थर लागला.

पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली: भाजलेल्या मातीच्या बाकदार विटांची गोल भट्टी, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. त्या कुऱ्हाडी बाहेरून आलेल्या नव्हत्या, इथंच झाल्या.

आणि जेवणाचं: वस्त्यांच्या राखेत गहू, जव, तांदूळ, मसूर यांचे जळालेले दाणे सापडले. बोराच्या बियाही. बरडावर फिरताना पोरं ज्या झुडपाशी हमखास थांबतात, तीच ही बोरं.

मग मेलेल्यांना बरडावरच का नेलं?

मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि उत्तर शेतकऱ्याला चटकन कळतं. काळी जमीन पिकाची, ती कोण गुंतवणार? बरड नांगराला लागत नाही. तिथं गोटे आयते, मुरमात खळगा खणला तर भिंत ढासळत नाही, पावसाचं पाणी साचत नाही, आणि उंचावर असल्याने खालच्या वावरातून मान वर केली की बापाचं रिंगण दिसतं. आमच्या गावचं मसणही गावाबाहेर, नाल्याकाठच्या खडकाळ तुकड्यावरच आहे.

टाकाऊ जमिनीवर होती म्हणूनच ती टिकली. काळीत कधी काळी रिंगण असेल, तर त्याचे गोटे वखरात अडकतात म्हणून केव्हाच धुऱ्यावर गेले. बरडावर वखरच गेला नाही. अडीच हजार वर्षं त्या जमिनीचा कुणालाच लोभ सुटला नाही, हेच तिचं संरक्षण होतं.

गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत. ते कशाचे?

जुनापाणीला हे नीट पाहायला मिळतात. काही गोट्यांवर, सगळ्यांवर नाही, लाडू बसेल एवढे उथळ गोल खळगे ओळीत कोरलेले आहेत, कधी दोन समांतर ओळी. कारनॅक यांनी ते युरोपातल्या दगडांवरच्या खुणांशी ताडून पाहिले होते. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी मोजमाप करून दाखवलं, की खळग्यांचे गोटे रिंगणात वाटेल तिथं नाहीत, ठरावीक दिशांनाच येतात. त्यावरून ताऱ्यांशी, ऋतूंशी संबंध असावा असं मांडलं गेलं.

दिशा ठरवून गोटे बसवले, इतपत मला पटतं. चितेवर डोकं कोणत्या दिशेला ठेवायचं हे आपणही ठरवून आहोत. पण व्हॉट्सॲपवर 'विदर्भातली वेधशाळा' म्हणून जे फिरतं, त्यावर विसंबू नका.

खळग्यांत हळदी-कुंकू भरू नका आणि खडूने रंगवून फोटो काढू नका. दोन्ही झालेलं मी पाहिलं आहे.

गुप्तधन असतं का हो?

नसतं. मडकी आणि गंजलेलं लोखंड असतं. अमावस्येला लिंबू-टाचण्या घेऊन येणाऱ्यांनी आमच्याकडची दोन रिंगणं मधोमध उकरली. मिळालं काय? खापरं. ती तिथंच फोडून टाकलेली. धनासाठी असले अघोरी प्रकार करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो, तेव्हा रात्री उजेड दिसला तर पोलीस पाटलाला कळवा, स्वतः काठी घेऊन जाऊ नका.

शेतात काही सापडलं तर कुणाचं?

१८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. होय, दहा रुपये, आकडा तेव्हापासून तोच. संरक्षित रिंगणांना १९५८चा कायदाही आहे: स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खाणकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, आणि नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. संरक्षित यादीत नसलेल्या रिंगणांना मात्र ही कवचकुंडलं नाहीत, आणि तशी खूप आहेत.

कधी यावं? काय आणावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला हवा छान असते, पण कुसळी पिकलेली असते. मी एकदा नवरात्रानंतर लगेच पंधरा जणांना घेऊन गेलो. कुसळं मोज्यांतून, पँटीतून, शर्टाच्या बाह्यांतून अशी घुसली की उरलेला वेळ सगळे गोट्यांवर बसून एकमेकांची कुसळं काढत होते. वरून ढोरं घेऊन जाणारे एक बाबाजी थांबले आणि विचारते झाले, "काय पाहून रायले जी, गोटे का कुसळं?"

पायात बूट, दोन लिटर पाणी, टोपी-दुपट्टा. गोटे उलटवू नका. खाली विंचू असतो, क्वचित फुरसं. पांधणीने, म्हणजे शेतवाटेने चालत जा, गाडी वावरात घालू नका, तुरीच्या ओळी मोडल्या तर शेतकरी पुढच्या माणसाला उभं करणार नाही. गावात शिरताना कुणाला तरी विचारून पुढे जा. संत्र्याच्या बागेतून वाट असेल तर झाडावरच्या बहाराला हात लावायचा नाही.

पहिल्यांदाच पाहणार असाल तर जुनापाणी बरं, काटोल रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. तिथली रिंगणं तीनशेच्या घरात मोजली गेली होती.

रिंगणांशिवाय विदर्भात असं आणखी काय आहे?

चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला दगडांच्या उभ्या फळ्यांवर आडवं झाकण टाकलेल्या खोल्या आहेत, शिळाप्रकोष्ठ. त्या वेगळ्या मुलखातल्या, वेगळ्या दगडाच्या. आणि अमरावतीच्या उत्तरेला, मोर्शीच्या पलीकडे सातपुड्यात, बैतुल जिल्ह्याच्या हद्दीत चित्रांचे खडक-निवारे आहेत. अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाने ते जानेवारी २००७मध्ये उजेडात आणले. प्राणी, शिकार, हातांचे ठसे. ते रिंगणांच्याही फार आधीचं जग, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

रिंगणं कमी होत चालली आहेत का?

होय. कारण आता बरडाला भाव आला आहे. रस्त्याला मुरूम लागतो, ले-आऊटला सपाट जागा लागते, आणि 'इथं काही पिकत नाही' हे वाक्य, जे अडीच हजार वर्षं ढाल होतं, तेच आता परवानगीच्या अर्जात कारण म्हणून लिहिलं जातं.

आमच्या गावच्या वरच्या बरडावर अकरा रिंगणं होती. एका मार्चमध्ये सकाळी वखराचा फास घ्यायला जाताना वरून मशीनचा आवाज आला. पोहोचेपर्यंत एका रिंगणाचा अर्धा गोल टिप्परमध्ये भरून गेला होता. कापलेल्या कडेत मातीचा थर उघडा पडला होता, लाल मुरमाच्या मधोमध काळ्या मातीचा हातभर पट्टा, कुणीतरी टोपल्यांनी वर आणलेली तीच. त्यात एक लाल-काळं खापर अडकलेलं. मशीनवाला परगावचा पोरगा, तो म्हणाला, "काका, मले त सांगतलं का गोटे आहेत, काढून टाका." त्याचं काय चुकलं? त्याला पाठवणाऱ्याने कागद दाखवला, कागदावर सर्व्हे नंबर बरोबर होता, रिंगणाचा शब्दही नव्हता. तलाठ्याकडे गेलो, ग्रामसभेत बोललो, अर्ज दिले. काम थांबलं ते पावसाळ्याने. आता नऊ आहेत, साडेनऊ म्हणा.

मी काय करू शकतो?

मोजा. खणू नका, हलवू नका, फक्त मोजा. ज्या रिंगणाची कुठेच नोंद नाही ते गेलं तर 'होतं' हेही सिद्ध करता येत नाही, हे मी त्या अर्जांपायी शिकलो. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, चारी दिशांनी एकेक फोटो, टेपने आरपार दोन मापं, आणि गोट्यांची संख्या. तारीख टाका. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. पोच विसरू नका.

गोटे मोजताना दर वेळी वेगळा आकडा येतो. असं का?

गोल असल्यामुळे सुरुवात विसरते. मी एकच रिंगण तीनदा मोजलं: ३१, ३३, ३१. सोबतच्या पोराने ३२ काढले आणि तो अजून माझ्याशी वाद घालतो. त्यावर उपाय त्यानेच काढला. पहिल्या गोट्यावर आपली चप्पल काढून ठेवायची, आणि चप्पल परत दिसली की थांबायचं. उन्हाळ्यात मात्र दुसरं काहीतरी ठेवा, मुरूम पोळतो.